साहेबांची सायकल आणि मावशींचा प्रश्न

वाचकहो, दुसऱ्याला उपदेश करणे हा आमच्या खात्यातल्या माणसाचा रोजचा धंदा. बी कोणते पेरा, खत केव्हा द्या, फवारणी कशी करा, हे सांगत मी तीस वर्षे गावोगाव हिंडलो. पण तोच उपदेश स्वतःवर उलटला म्हणजे कसे होते, ते आज तुम्हांला सांगायचे आहे. निमित्त माझ्या सायकलचे.

गोष्ट पाटण तालुक्यातल्या डोंगरातली. खरिपात वरच्या वाडीतल्या एका मावशींच्या सोयाबीनची पाने करपली. त्यांनी कीटकनाशक, बुरशीनाशक आणि दुकानदाराने गळ्यात मारलेले टॉनिक, तिन्ही एकाच पंपात घालून फवारली होती. मी चारचौघांत त्यांना बोललो. "मावशी, तीन औषधं एकदम मारली. आता पीक सुधारलं असतं तरी कशानं ते कळलं नसतं, अन् करपलं तरी कशानं ते कळत नाही. एका वेळी एकच बदल करावा." मावशी काही बोलल्या नाहीत. पदर सावरून नुसत्या ऐकत राहिल्या.

आता सायकलचे सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी सायकलवरच फिरायचो. पुढे मोटारसायकल आली. पण वाडीची वाट निसरडी, आणि आता पन्नाशी उलटल्यावर ते धूड चिखलातून ओढवेना. पुण्याच्या पुतण्याने त्याची गिअरची डोंगरी सायकल दिली आणि तिला पायडलपाशी बसणारी अडीचशे वॅटची विजेची मोटर जोडून दिली. आपण पायडल मारायचे, मोटर जोडीला जोर लावते. घरी मंडळी हसली, पण मी मात्र खूश झालो.

या मोटरचा एक स्वभाव तुम्ही ध्यानात घ्या. चाकाच्या तुंब्यात बसणारी मोटर चाक थेट फिरवते, चेनीला त्रास देत नाही. पायडलपाशी बसणारी मोटर आपला सगळा जोर चेनीतूनच मागे पाठवते. माझ्यासारख्याच्या पायांतून सतत शंभर वॅटच्या आसपास जोर निघत असेल. त्यात मोटरचा जोर मिळाला की चेनीवर एका माणसाच्या जागी तीन माणसांचा भार पडतो. ज्या चेनी नुसत्या पायांसाठी केलेल्या, त्या मग लवकर झिजतात. मोठ्या कंपन्यांनाही हे ओळखावे लागले. अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने २०१६ साली विजेच्या डोंगरी सायकलींसाठी मुद्दाम आठच गिअरांचा संच काढला. जपानच्या शिमानोने २०२१ मध्ये जाड दात्यांचा लिंकग्लाइड संच आणला. माझी सायकल जुनी, साधी, मागे सात गिअरांचे फ्रीव्हील असलेली. त्यामुळे मला साध्याच भागांवर भागवायचे होते.

एप्रिलात चेन कुरकुरू लागली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, चेन अन् फ्रीव्हील दोन्ही बदला." मी म्हटले, फ्रीव्हील चांगले दिसते की, उगाच खर्च कशाला? नुसती चेन नवी बसवली. दुसऱ्याच दिवशी वाडीतून चौदा जणांचे मातीचे नमुने घेऊन निघालो. वाटेत ओढ्याच्या अलीकडे छोटासा खडा चढ आहे. तिथे जोर लावला, मोटरनेही लावला, आणि खाडकन चेन दात्यांवरून उडाली. पाय मोकळा सुटला आणि मी सायकलसकट ओढ्यात गेलो. गुडघा फुटला त्याचे काही नाही. पण कापडी पिशव्या पाण्यात गेल्या, चिठ्ठ्यांची शाई पसरली. कुणाची माती कुठली, काही कळेना.

लोकांनी उन्हात शेतभर फिरून, खड्डे घेऊन, नीट चौथाई करून अर्धा अर्धा किलो माती दिली होती. चौदा उंबरठ्यांवर जाऊन "माती पुन्हा द्या" म्हणायचे माझ्या नशिबी आले. कुणी चहा दिला, कुणी तोंड फिरवले. एक म्हातारे म्हणाले, "साहेब, आमचा दिस गेला की." त्यांना काय उत्तर देणार?

चूक कुठे होती ते सांगतो, कारण ती तुमच्या मळणी यंत्राच्या आणि पेरणी यंत्राच्या चेनीलाही लागू आहे. आज सगळीकडे दिसणारी रोलरची चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली इंग्लंडात मँचेस्टरला काढली. चेन लांबते असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक जोडातली पिन आणि तिच्याभोवतीचा भाग थोडा थोडा झिजतो आणि दोन पिनांतले अंतर वाढते. त्या वाढलेल्या अंतराप्रमाणे फ्रीव्हीलचे दातेही झिजतात. मग जुनी चेन आणि जुने दाते एकमेकांना सांभाळून घेतात. नवी चेन आली की तिचे माप दात्यांशी जुळत नाही. सगळा भार एकदोन दात्यांवर येतो आणि जोर पडताच चेन वर चढून उडते.

हे तपासायला साधी लोखंडी पट्टी पुरते. सायकलच्या चेनीत एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असते. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि तिथून पुढची चोविसावी पिन पाहा. ती बरोबर १२ इंचांवर असेल तर चेन चांगली. अर्धे सूत पुढे गेली असेल तर चेन बदला, दाते वाचतील. एक सूत गेली असेल तर दातेही गेले समजा आणि दोन्ही मिळून बदला. माझी जुनी चेन मी नंतर मोजली. ती सव्वा सूत गेली होती.

एवढ्या फजितीनंतर मी चिडून सगळेच बदलले. नवी चेन होतीच. मागचे फ्रीव्हील १४ ते २८ दात्यांचे होते, त्या जागी १४ ते ३४ चे घातले. पुढचे चक्र ४८ दात्यांचे काढून ४२ चे लावले. टायरही नवे घातले, हवा कडक भरली. मिस्त्रीने मोठ्या दात्यांना पुरेल इतकी चेन जुळवून दिली. सायकल अशी चढली म्हणता! मोटर गरम होईना, मला धाप लागेना. नमुने पुन्हा गोळा करायला गेलो तेव्हा वाडीच्या देवळापाशी मंडळी बसली होती. मी ऐटीत सांगितले, "ही सगळी करामत पुढच्या लहान चक्राची."

मावशी तिथेच शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, पंपात औषधं किती घातली व्हती?"

मंडळी हसली. मला मात्र हसू येईना. मागून हसलो, पण ते लाजेने.

त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. जुने भाग मी टाकले नव्हते, हे नशीब. मे महिन्यातले चार रविवार काढले. नवी चेन, नवे टायर आणि हवा तीच ठेवली. चढ तोच, ओढ्यापासून देवळापर्यंत. वेळ सकाळची, बॅटरी पूर्ण भरलेली, पाठीवर तेच १० किलोचे ओझे, मोटरची मदतही तेवढीच. रोज तीन फेऱ्या. मातीचे तापमान पाहायचा थर्मामीटर मोटरच्या पोटाला बांधला. झिजलेले फ्रीव्हील नव्या चेनीला चालणार नव्हते, म्हणून मिस्त्रीकडून २८ चे नवे उसने आणले.

हिशेब असा. पुढे ४८ आणि मागे २८ असताना पायडलच्या एका फेऱ्यात चाक १.७१ वेळा फिरते. पुढे ४२ केले तर १.५०. पुढे ४८ च ठेवून मागे ३४ केले तर १.४१. दोन्ही बदलले तर १.२४. आकडा जितका लहान तितका चढ सोपा. नांगरटीला तुम्ही ट्रॅक्टर खालच्या गिअरात घालता ना? तेच. चढ तेवढाच, ओझे तेवढेच, पण मोटर मोकळी फिरते, कुंथत नाही. कुंथणारी मोटर विजेची उष्णता करते आणि बॅटरी फुकट जाते.

अनुभवही तसाच आला. पहिल्या रविवारी मोटर सर्वांत तापली आणि शेवटी बॅटरीची एकच काडी उरली. नुसते पुढचे चक्र बदलले तेव्हा थोडा फरक पडला. नुसते फ्रीव्हील बदलले तेव्हा त्याहून जास्त. दोन्ही बदलले तेव्हा मोटर सर्वांत थंड राहिली आणि दोन काड्या उरल्या. चढायला वेळ मात्र थोडा जास्त लागला, तेही सांगितले पाहिजे. सपाटीवर तोटा नाही, कारण माझी मोटर ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवते आणि ४२ च्या चक्राने तेवढा वेग आरामात निघतो.

म्हणजे ज्या चक्राची मी ऐट मिरवली, त्याचा वाटा कमी होता. काम जास्त केले ते मागच्या फ्रीव्हीलने, आणि मला ते चक्राहून स्वस्त पडले होते.

पुढच्या फेरीत मी देवळापाशी मंडळींना हे सगळे सांगितले. माझे बोलणे चुकीचे होते, हेही सांगितले. मावशींना म्हटले, "मावशी, तुम्ही विचारलंत म्हणून कळलं." त्या म्हणाल्या, "आमी तुमचंच तुमाला सांगितलं साहेब." आणि मग जरा थांबून, "पर तवा चारचौघांत बोलायचं नव्हतं."

वाचकहो, तो टोमणा सायकलवरून पडण्यापेक्षा जास्त लागला. मी त्यांची माफी मागितली, तीही चारचौघांतच.

यंदा मावशींनी सोयाबीनच्या चार ओळी कडेला वेगळ्या ठेवल्या आहेत. बाकी शेतात नवे वाण, त्या चार ओळींत जुने. खत तेच, फवारणी तीच. काढणीला दोन्हींचे वजन करायला मला बोलावले आहे. तुम्हीही घरात नवे काही आणाल, बी असो, खत असो की यंत्राचा भाग, तेव्हा जुने लगेच टाकू नका. एका वेळी एकच बदला, दोन्ही एका मापाने पाहा. आणि मळणी यंत्र बाहेर काढायच्या आधी त्याच्या चेनीवर पट्टी लावून पाहा. तिथे पिनांतले अंतर वेगळे असेल, तर त्याच मापाच्या नव्या तुकड्याशेजारी धरून पाहा. तेवढ्याने सुगीतला एखादा दिवस वाचेल.