विजेची पेटी, माणसांचे गळे

विजेवर चालणाऱ्या वाद्यात जीव असतो का? सिंथेसायझर म्हणजे विजेच्या कंपनांना हवा तसा आकार देऊन आवाज घडवणारं यंत्र. दिसायला थेट पेटीसारख्या पट्ट्या, पण आत ना भाता, ना हवा!

व्हॅन्जेलिस या ग्रीक संगीतकारानं १९७५ साली ‘हेवन अँड हेल’ (म्हणजे स्वर्ग आणि नरक) ही ध्वनिमुद्रिका काढली. लंडनमधल्या आपल्या स्टुडिओत बहुतेक वाद्यं त्यानं एकट्यानंच वाजवली. एक थर मुद्रित करायचा, त्यावर दुसरा, मग तिसरा. पण पुष्कळ गळ्यांचा एकत्र आवाज एकट्यानं कुठून आणायचा? त्यासाठी त्यानं ‘इंग्लिश चेंबर क्वायर’ हा गायकवृंद बोलावला.

आमचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ‘यंत्राचं कसलं आलंय संगीत!’ असं त्यांचं ठाम मत. एकदा मी त्यांना हट्टानं ऐकायला बसवलं. सुरुवातीलाच सुरांची धावपळ आणि वर गायकांची गर्जना! ‘अरे, हे भांडतायत की काय?’ आजोबा म्हणाले. पण हळूहळू गलबला ओसरला आणि एक संथ, साधी धून आली. कार्ल सेगन यांच्या १९८० सालच्या ‘कॉसमॉस’ मालिकेची हीच ती धून. आजोबांनी डोळे मिटले. पुढं व्हाना वेरुती ही गायिका शब्दांवाचून गाऊ लागली, तेव्हा ते पुटपुटले, ‘आलापीच की ही!’

व्हॅन्जेलिसला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती, सारं कानावरच, हे सांगितल्यावर तर स्वारी भलतीच खूश झाली. मग मी हळूच म्हटलं, ‘आजोबा, पेटीही युरोपातूनच आली ना? मींड निघत नाही, आपल्या गाण्याला शोभत नाही, म्हणून १९४० साली रेडिओनं तिच्यावर बंदी घातली होती. ती सैल झाली १९७१ साली!’ आजोबा काही बोलले नाहीत. शेजारच्या पेटीवरून त्यांनी नुसता हात फिरवला.

तुम्हीही ही मुद्रिका ऐका, पण तुकड्यातुकड्यांनी नको. चाळीसेक मिनिटं घरातल्या मोठ्यांबरोबर स्वस्थ बसा. यातला स्वर्ग कुठला आणि नरक कुठला, ते कुठंच लिहिलेलं नाही. नुसतं भाग पहिला, भाग दुसरा. ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि घरात एकमत झालं नाही, तर मजा आणखीच वाढेल, बरं का!