आमचा सर्व्हर आम्हीच का उभारला?

चळवळीची वेबसाईट कोणाच्या मालकीची असते, हा प्रश्न आम्ही कार्यकर्त्यांच्या बैठकीत विचारला की लोक हसतात. आपलीच की, म्हणतात. वर बाबासाहेबांचा फोटो आहे, निळा झेंडा आहे, खाली आपल्या मंडळाचे नाव आहे. आम्हीही तीन वर्षे असेच समजत होतो. चौथ्या वर्षी, १४ जानेवारीच्या म्हणजे नामविस्तार दिनाच्या तोंडावर, एका कार्यकर्त्याने सकाळी वेबसाईट उघडली तर तिथे कसल्यातरी जाहिरातींचे पान आले. आमचे एक अक्षरही शिल्लक नव्हते.

झाले होते ते साधेच. वेबसाईट आम्ही शहरातल्या एका व्यावसायिकाकडून करून घेतली होती. डोमेन त्याच्या नावावर, होस्टिंग त्याच्या खात्यावर, पासवर्ड त्याच्याकडे. त्याने धंदा बंद केला, नूतनीकरणाचे पैसे भरले नाहीत. विषय संपला. यात कोणी मनुवादी कट केला नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे प्रत्येक नुकसानीमागे कट शोधायची सवय लागली आहे. आम्ही तीन वर्षांत एकदाही विचारले नव्हते की बाबा, हे कोणाच्या नावावर आहे आणि याची एक प्रत आम्हाला दे.

आता गेले काय ते सांगतो. आमच्या वस्तीतल्या एका काकांकडे पत्र्याची पेटी होती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात गावोगाव आपली घरे जळाली. त्या दिवसांपासून १९९४ पर्यंतची पत्रके काकांनी जपली होती. मोर्चाची हाक देणारी, जळालेल्या घरांसाठी धान्य गोळा करणारी, अटक झालेल्यांची नावे छापलेली. आम्ही ती सगळी स्कॅन केली, वेबसाईटवर टाकली आणि काकांना मोठ्या अभिमानाने सांगितले की आता हे कायमचे जपले गेले.

वेबसाईट गेल्यावर आम्ही काकांकडे धावलो. पेटी द्या, पुन्हा स्कॅन करतो, म्हणालो. काका म्हणाले, "पोरांनो, घरकुलाचं बांधकाम काढलं तेव्हा पेटी गंजून गेली होती. कागद भिजले होते. तुम्हीच म्हणाला होता ना, कायमचं जपलं गेलं. म्हणून टाकून दिले." त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरे झाले असते. ज्या संगणकावर स्कॅन केले होते त्याचा हार्डडिस्क मध्येच बदललेला. कार्यकर्त्यांच्या मोबाईलमध्ये व्हॉट्सॲपवर फिरलेली काही चित्रे सापडली, अर्धी इतकी पुसट की अटक झालेल्यांची नावे वाचता येत नाहीत.

त्या आठवड्यात बैठक झाली आणि दोन मते पडली. एक मत असे की आता वेबसाईट हवीच कशाला, समाजमाध्यमांवर पान काढू, फुकट आहे. या मताला आमचा आजही विरोध आहे. ते फुकटचे पान म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवर लावलेले पोस्टर. कोणी दहा तक्रारी केल्या की पान बंद होते आणि दाद कोणाकडे मागायची तेही कळत नाही. प्रचारासाठी ते जरूर वापरा. दस्तऐवज तिथे ठेवू नका. दुसरे मत असे की नवा व्यावसायिक गाठू, यावेळी करार करू. त्यात तथ्य होते. पण करार वाचायला तरी डोमेन म्हणजे काय, सर्व्हर म्हणजे काय, हे आपल्यापैकी कोणाला तरी कळायला नको?

मित्रांनो, ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. त्यातून बाबासाहेब पुढे कुठे गेले ते मात्र पटकन सांगून मोकळे होतो. ते दुसऱ्याच्या दारात जाहिरात घ्या म्हणून पुन्हा पुन्हा उभे राहिले नाहीत. त्यांनी स्वतःचा छापखाना उभा केला, भारत भूषण प्रिंटिंग प्रेस, ज्याचे नाव पुढे बुद्ध भूषण झाले. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन रात्रीतून पाडले गेले तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, कारण त्या भिंतींच्या आत तो छापखाना होता. छापखान्याचे मोल आपल्याला कळते. मग आजचा छापखाना कोणता, तो चालवायचा कसा, हे शिकायला आपण का लाजतो?

तर आम्ही शिकायचे ठरवले. विहाराच्या अभ्यासिकेत कोणीतरी दान दिलेला जुना संगणक पडून होता. त्यावर उबुंटू टाकले, जे फुकट मिळते. मग अपाचे. अपाचे हा वेब सर्व्हर १९९५ पासून आहे, त्याचा कोड उघडा आहे, वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. एका ओळीच्या आज्ञेत तो बसतो. बसला की ब्राउझरमध्ये 'इट वर्क्स' असे लिहिलेले पान येते. ते पान अभ्यासिकेच्या वायफायवर एका पोराच्या मोबाईलमध्ये उघडले तेव्हा जो आनंद झाला तो निवडणूक जिंकल्यावर होतो तसा होता. (आम्ही निवडणूक कधी जिंकलेलो नाही, पण अंदाज आहे.)

नावाबद्दल एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. अपाचे हे अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांचे नाव. आदर म्हणून ते घेतले, असे ज्यांनी घेतले ते सांगतात. २०२३ मध्ये तिथल्या मूलनिवासी तंत्रज्ञांच्या एका संघटनेने जाहीर मागणी केली की आमचे नाव बदला. आदर करायचा होता तर आधी विचारायचे होते, हा मुद्दा आपल्याला कोणी वेगळा समजावून सांगायला नको. सॉफ्टवेअर आम्ही वापरतो आणि ही गोष्टही सांगतो.

अपाचे फक्त ठेवलेली फाईल उचलून देतो. पत्रक शोधणे, वर्षाप्रमाणे लावणे, नवे चढवणे यासाठी पीएचपी लागते. इथे आमचा पहिला घोटाळा झाला. आम्ही पीएचपी बसवली, चाचणीची फाईल बनवली, ब्राउझरमध्ये उघडली, तर पडद्यावर आमचाच कोड जसाच्या तसा दिसू लागला. आम्ही पीएचपीचा फक्त आज्ञापटलावर चालणारा भाग बसवला होता. अपाचेशी तिला जोडणारे मॉड्यूल बसवलेच नव्हते. त्यामुळे अपाचेला ती फाईल म्हणजे साधा मजकूर वाटत होता आणि त्याने तो इमानदारीने वाढला. ते हसण्यावारी नेऊ नका. त्या फाईलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असता आणि सर्व्हर बाहेर खुला असता, तर पासवर्ड जगाला दिसला असता.

मॉड्यूल बसवले, कोड चालू लागला. मग पत्रके चढवायला घेतली तर चढेनात. पीएचपी मुळात एका फाईलला दोन एमबीची मर्यादा घालते आणि आमचे एकेक स्कॅन सहा-सात एमबीचे. मर्यादा पीएचपी डॉट आयएनआय नावाच्या फाईलमध्ये बदलायची असते. आम्ही बदलली. वीस एमबी लिहिले, पूर्ण फॉर्मची जी वेगळी मर्यादा असते ती त्याहून थोडी जास्त ठेवली, अपाचे पुन्हा सुरू केला. मर्यादा दोनच एमबी. पुन्हा बदलले, संगणकच बंद करून चालू केला. दोनच. असे दोन रविवार गेले. आमच्यातले दोघे पदवीधर, एकजण कंपनीत नोकरीला, तिघेही एकमेकांना इंग्रजीत समजावत होते.

अभ्यासिकेत बारावीची एक मुलगी रोज येते. ती मागे बसून ऐकत होती. तिसऱ्या रविवारी ती पडद्याजवळ आली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही वेगळीच फाईल बदलताय." पीएचपीची सगळी माहिती दाखवणारे चाचणीचे पान आम्ही उघडून ठेवले होते. त्यावर वरच्या बाजूला, कोणती आयएनआय फाईल प्रत्यक्ष वाचली जात आहे, तो पत्ता स्पष्ट लिहिलेला असतो. आम्ही 'सीएलआय' फोल्डरातली बदलत होतो, सर्व्हर 'अपाचे' फोल्डरातली वाचत होता. पहिल्या घोटाळ्यात आम्ही जो अर्धा भाग आधी बसवला होता, त्याचीच ती वेगळी आयएनआय. दोन मिनिटांत काम झाले. तिला कोणी बोलावले नव्हते, खुर्ची दिली नव्हती. ज्ञान ठराविक लोकांच्या हातात कसे राहते यावर आम्ही तासभर बोलू शकतो, आणि आमच्याच अभ्यासिकेत संगणकाभोवती फक्त पुरुषांच्या पाठी होत्या. त्या दिवसापासून सर्व्हरची वही तिच्याकडे आहे. काय बदलले, कुठली फाईल, कोणत्या तारखेला, सगळे मराठीत लिहिलेले.

अभ्यासिकेतला संगणक बाहेरच्या जगाला दाखवता आला नाही. आमची इंटरनेट जोडणी अनेक ग्राहकांत मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरते, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला आमचे दार सापडत नाही. शिवाय वीज जाते. म्हणून शिकणे त्या संगणकावर आणि प्रत्यक्ष वेबसाईट भाड्याच्या सर्व्हरवर, असे ठरले. वर्षाचे भाडे आणि डोमेन मिळून जयंतीला चौकात लागणाऱ्या मोठ्या फ्लेक्सच्या खर्चातच बसले. फ्लेक्स आठ दिवसांत उतरतो. हे लिहिल्यावर काही लोक रागावतील, रागावू द्या.

कोणी म्हणेल, मग भाड्याचेच घेतले ना, मालकी कुठे आहे? मालकी म्हणजे यंत्र आपल्या खोलीत असणे, असे आम्हालाही आधी वाटायचे. आता आमचे म्हणणे असे आहे की उद्या या भाडेदाराने दार बंद केले तर परवा दुसऱ्या दारात सगळे जसेच्या तसे उभे करता आले पाहिजे. डोमेन मंडळाच्या नावावर, पासवर्ड तिघांकडे, दर रविवारी पूर्ण प्रत पेनड्राईव्हवर आणि पेनड्राईव्ह तीन वेगवेगळ्या घरांत. एकदा मुद्दाम कोऱ्या संगणकावर सगळे पुन्हा उभे करून पाहिले. पहिल्या प्रयत्नात सगळी मराठी अक्षरे प्रश्नचिन्हे झाली, कारण डेटाबेसची अक्षरपद्धत आम्ही युनिकोडवर ठेवायला विसरलो होतो. बरे झाले, सरावातच कळले.

एक मोठी चूक मात्र सरावात झाली नाही. फोटो चढवायच्या फोल्डरात लिहायची परवानगी मिळेना, तेव्हा आमच्यातल्या एकाने कुठेतरी वाचून त्या फोल्डरला 'सात सात सात' देऊन टाकले, म्हणजे कोणीही वाचा, कोणीही लिहा, कोणीही चालवा. काम झाले, सगळे खूश. शिवाय पत्रके पाठवायचा फॉर्म आम्ही सर्वांना खुला ठेवला होता आणि येणारी फाईल चित्रच आहे का, हे कोड तपासतच नव्हता. दीड महिन्याने त्या फोल्डरात आम्ही न टाकलेली एक पीएचपी फाईल सापडली. कोणीतरी आमच्याच फॉर्ममधून चढवलेली, आणि अपाचेच्या नोंदवहीत ती बाहेरून पुन्हा पुन्हा चालवल्याच्या ओळी. पत्रके सुरक्षित होती, पण आम्ही तो सर्व्हर पुसून टाकला आणि प्रतीवरून नवा उभा केला. आता फोल्डर अपाचे ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याच्या मालकीचे आहे, बाकीच्यांना लिहिता येत नाही, तिथे पीएचपी चालणे बंद आहे, चित्र आणि पीडीएफ सोडून काही घेतले जात नाही. माहिती दाखवणारे ते चाचणीचे पानही काढून टाकले. आमच्या उपयोगाचे होते तेवढेच ते चोराच्याही उपयोगाचे होते.

ज्याने 'सात सात सात' दिले होते त्याला बैठकीत खूप बोलणी बसली. खरे तर आम्ही सगळेच खूश झालो होतो, कोणी विचारले नव्हते. आजही आपले उच्चशिक्षित मित्र म्हणतात की ही कामे इंजिनियरांवर सोडा. सोडायला हरकत नाही, रविवारी यावे त्यांनी. कंपन्यांचे सर्व्हर रात्रभर जागून सांभाळणारी आपली कितीतरी पोरे पुण्यात, बंगळुरूत आहेत. त्यांच्याकडून वर्गणी येते, त्याचे आभार. आम्हाला महिन्यातले दोन तास हवे आहेत.

काकांना परवा अभ्यासिकेत बोलावले होते. मोबाईलमधून वाचवलेली पत्रके त्यांना मोठ्या पडद्यावर दाखवली. एका पुसट पत्रकावरची अटक झालेल्यांची नावे त्यांनी आठवून सांगितली, सतरापैकी अकरा. ती मुलगी लिहून घेत होती. उरलेल्या सहांसाठी ते शेजारच्या गावातल्या दोघांना विचारणार आहेत.

ज्यांच्या घरी नामांतराच्या काळातली पत्रके, जलशांच्या वह्या, सभांच्या पावत्या असतील त्यांनी त्या आमच्याकडे पाठवू नयेत. आम्हीच स्कॅनर घेऊन येऊ. कागद तुमच्याच घरी राहतील, स्कॅनची एक प्रत पेनड्राईव्हवर तुम्हालाही मिळेल. आणि आम्ही कितीही खात्रीने सांगितले, तरी मूळ कागद टाकू नका.

जयभीम.