कारंज्यातील खजिन्याची वाट

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडे कारंजा (लाड) येथील जुन्या घरी आली. धाकट्याने पहिल्याच दिवशी विचारले, "आजोबा, इथे पाहण्यासारखे काय आहे?" प्रश्न साधाच होता, पण मनाला लागला. ज्या गावात आमच्या चार पिढ्यांची पेढी चालली, ते मुलांना परके झाले होते. रात्री बसून मी चार चिठ्ठ्या लिहिल्या आणि सकाळी देवदर्शन आटोपून मुलांसह 'खजिन्याच्या शोधा'ला पायी निघालो.

पहिली चिठ्ठी होती: 'दार आहे, पण घर नाही, नावात दूरची राजधानी.' विचारत विचारत मुले दिल्ली वेशीपाशी पोहोचली. दारव्हा, मंगरूळ, पोहा ही इतर वेशींची नावे ऐकताच नात म्हणाली, "ही तर रस्त्यांची नावे!" व्यापाऱ्यांचे जग या वेशींवरच कोरलेले आहे. 1670 मध्ये सुरतेनंतर मराठ्यांच्या फौजा येथवर आल्या, यावरून तेव्हाच्या वैभवाची कल्पना यावी.

दुसरी चिठ्ठी कस्तुरीच्या हवेलीची. येथील सावकाराने उंटांवरून आलेली सारी कस्तुरी विकत घेऊन बांधकामाच्या चुन्यात कालवली, अशी आख्यायिका आहे. धाकट्याने एका जुन्या भिंतीला नाक लावून पाहिले. वास फक्त ओलीचा आला.

तिसरी चिठ्ठी कापसाच्या बाजाराची. 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंज्यात कापसाचा बाजार नियंत्रित झाला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचा उल्लेख होतो. विलायतेतील गिरण्यांना शुद्ध कापूस मिळावा, हा त्यामागचा हेतू. नातीने विचारले, "म्हणजे आधी कापसात नि मापात खोट होती? आपल्या पेढीवरसुद्धा?"

क्षणभर मी निरुत्तर झालो. "ते मला ठाऊक नाही, बाळ. पण घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे वेगळे ठेवणे हा अचौर्य व्रताचा अतिचार आहे, हे तत्त्वार्थसूत्रात त्याआधी कित्येक शतके सांगितलेले आहे. सांगावे लागले, म्हणजे मोह तेव्हाही होताच."

चौथी चिठ्ठी मंदिरांकडे नेणारी. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण अशा तीन परंपरांची मंदिरे या एका गावात आहेत. येथील शास्त्रभंडारांतील हस्तलिखितांमुळे अपभ्रंश भाषेचे विस्मृत साहित्य अभ्यासकांसमोर आले. दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंतांचे 'जसहरचरिउ' डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केले आणि 1931 मध्ये ते कारंजा जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. शास्त्रदान म्हणून पोथ्या लिहवून घेणारे श्रावक व्यापारीच होते. मुलांना म्हणालो, "सोने लुटले गेले, कस्तुरी विरली; हा खजिना मात्र टिकला."

घरी परतल्यावर धाकट्याने माळ्यावरून पेढीचा जुना तराजू उतरवला आणि दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा मध्यावर येतो का, ते पाहत बसला. काटा मध्यावर आला, तेव्हा मलाही हायसे वाटले.

वाचकहो, येत्या सुट्टीत आपल्या मूळ गावी अशा चार चिठ्ठ्या अवश्य लिहून पाहा.