चंद्रभागेच्या वरच्या अंगाला

टेंभुर्णी म्हटलं की लोकांना पुणे-सोलापूर हायवेवरचा चहा आठवतो. गाव त्यांनी पाहिलेलं नसतं. त्यामुळे ऑफिसातल्या दोघांनी "तुमच्याकडे वाईन टुरिझम आहे म्हणे" असं विचारलं तेव्हा मलाच हसू आलं. पण ते खरं आहे. आमच्या घरापासून पंढरपूर पंचेचाळीसेक किलोमीटर आणि अकलूज तीसेक. शनिवारी विठोबा, रविवारी वाईन, असा बेत ठरला.

फेब्रुवारीत चंद्रभागा रोडावलेली असते. आषाढीला उजनीतून पाणी सोडतात तेव्हाचीच नदी लोकांच्या फोटोंत असते. एरवी पुंडलिकाच्या देवळापर्यंत वाळूतून चालत जाता येतं. मित्रांना मी नामदेव पायरी दाखवली, समोरची चोखोबांची समाधी दाखवली. चोखोबा बाहेरच का, हे सांगताना १९४७ वर आलो. मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १ मेपासून इथेच, तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केलं होतं. इतकी वर्षं इथे येतोय, पण हे मलाही शाळेत नाही, नंतर कधीतरी वाचून कळलं.

रविवारी अण्णा म्हणाले, "म्या बी येतो." माझे वडील माळकरी. मी काही बोललो नाही.

माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडी-गारवाडच्या माळावर फ्रातेल्लीच्या बागा आहेत. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ: इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील, अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ही कंपनी काढली. वाईन करायला तस्कनीहून पिएरो मासी आले. ज्ञानोबा-तुकोबांच्या दोन्ही पालख्या ज्या तालुक्यातून पंढरीला जातात, त्याच तालुक्यात सांजोव्हेजेच्या वेली. मित्रांना याची भारी गंमत वाटली. अण्णांना नाही. ते ओळीत शिरून वेलीवरचे घड मोजत होते.

आमची दोन एकर सोनाका आहे. नान्नजच्या नानासाहेब काळेंनी निवडलेला हा वाण: लांबट मणी, बी नाही. मणी फुगावा म्हणून आम्ही जीएच्या द्रावणात घड बुडवतो, विरळणी करतो, आणि बाजार पडला की बेदाण्याच्या शेडवर टाकतो. इथला मणी जेमतेम हरभऱ्याएवढा, जाड सालीचा, आत बिया. अण्णांनी विचारून एक तोंडात टाकला, बिया तळहातावर काढल्या.

"गोड हाय की," ते म्हणाले. "पर एवढा बारीक ठिवायचा?"

फिरवणाऱ्या पोराने सांगितलं, रंग आणि चव सालीत असते, मणी फुगवला तर वाईन पाणचट होते. छाटण्या मात्र आमच्यासारख्याच दोन: एप्रिलची खरड, पावसाळा सरता फळछाटणी. युरोपात थंडीने वेल झोपते, इथे झोपत नाही. म्हणून कात्रीने तिला वर्ष समजावून सांगावं लागतं. हे ऐकताना अण्णा पहिल्यांदा त्या पोराशी बरोबरीने बोलायला लागले. औषधाच्या फवारण्या किती, पाणी किती दिवसांनी, बाहेरच्यांचा माल घेता का, दर आधी ठरतो का. मित्र तोवर आत ग्लास फिरवत होते. मीही घेतली. अण्णा बाहेर बाकावर बसले, चहा मागवला.

गेल्या हंगामात घड भरताना पाऊस आला आणि मणी तडकले. त्याआधीच्या वर्षी बेदाण्याला दर नव्हता. बाग काढून ऊस लावायचा विषय घरात दिवाळीपासून चालू आहे.

परत येताना संगमजवळ भीमा ओलांडली. अकलूजवरून आलेली नीरा इथे नरसिंहपूरला भीमेत मिळते आणि पुढे तेच पाणी पंढरपुरात चंद्रभागा होतं. अण्णांनी सवयीने हात जोडले. मित्र मागे झोपले होते.

"पिकवायचं आपुन, प्यायचं त्यांनी," ते म्हणाले. "त्यात माळंचा काय संबंध."

मी हो म्हणालो.

पूल संपला. टेंभुर्णीच्या कारखान्यांचे दिवे दिसायला लागले तेव्हा ते पुन्हा बोलले, "का हाय?" आणि मी काही सांगायच्या आत, "ऱ्हाऊ दे. तुज्या आईला इचारू."