बैठकीचा दर्जा

मराठी रंगभूमीवर एक मोठा काळ असा होता की पडदा वर गेला म्हणजे मंचाच्या मधोमध सोफा दिसणार, हे प्रेक्षकाने गृहीतच धरलेले असे. 1933 साली 'नाट्यमन्वंतर'ने श्री. वि. वर्तक यांचे 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले, आणि रंगवलेल्या पडद्यांच्या जागी दारे-खिडक्या असलेली खरीखुरी वाटणारी खोली मंचावर उभी राहण्याच्या प्रवाहाला बळ मिळाले. पुढे त्या खोलीचा दिवाणखाना झाला आणि 'दिवाणखानी नाटक' हा शब्द समीक्षेत कौतुकापेक्षा तक्रारीच्या सुरातच अधिक वापरला गेला. हा टप्पा शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारतो : या सोफ्यावर बसते कोण? उत्तरे भराभर येतात. वडील बसतात, नायक बसतो, पाहुणे बसतात, मुलगी पाहायला आलेली मंडळी तर हमखास बसतात. आणि आई? ती चहाचा ट्रे घेऊन येते, सोफ्याच्या पाठीमागे उभी राहते, आतल्या दाराशी थांबून बोलते. तिच्या वाट्याला महत्त्वाचे संवाद असतात. बसायची जागा मात्र सहसा नसते.

हा प्रश्न नाटकापुरता राहिला नाही, कारण गेल्या वर्षी आम्हाला घरात सोफा घ्यावा लागला. 'घ्यावा लागला' हे शब्द जाणीवपूर्वक वापरतो आहे. डोंबिवलीतल्या आमच्या घरात आजवर बैठक होती ती खालीच : गादी, तिच्यावर चादर, भिंतीला दोन लोड. आईचे गुडघे दुखू लागले आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसणे बंद करायला सांगितले. तेव्हापासून ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसू लागली. आम्ही सगळे खाली गादीवर आणि ती एकटी वर, किंचित बाजूला, दाखला मिळवायला कचेरीत बसल्यासारखी. ते दृश्य कोणालाच बरे वाटत नव्हते, तिला तर नाहीच.

प्रश्न पैशाचा होता. मी दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. या वाचकवर्गाला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. जेवढे तास तेवढे मानधन, तेही हाती पडेल तेव्हा, आणि मे महिन्यात वर्ग नाहीत म्हणून पैसेही नाहीत. वर्षभर बाजूला टाकून जमलेली रक्कम 18,000 रुपये होती. त्यात 'चांगला' सोफा बसवायचा होता. म्हणून मुळात 'चांगला' म्हणजे काय, हे ठरवणे भाग पडले.

'सोफा' आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आला असला तरी त्याचे मूळ अरबी 'सुफ्फा'मध्ये सांगतात : बसण्यासाठी केलेला उंचवटा, ओटा. 'दिवाण' हा फारसीतून आलेला शब्द तर आधी नोंदवहीचा, मग कचेरीचा, मग दरबाराचा आणि शेवटी गाद्यागिरद्यांच्या आसनाचा झाला. आपल्या भाषेत दिवाणी न्यायालय आणि बैठकीतला दिवाण आजही शेजारी नांदतात. दोन्ही शब्दांत बसणे आणि अधिकार यांचे नाते आहे : जो उंचावर बसतो त्याचे चालते. पाट, गादी, सतरंजी, घोंगडी, उंबरठा या उतरंडीवर कोण कुठे बसणार हे आपल्या घरांनी आणि गावांनी जातीवरून, वयावरून, स्त्री-पुरुष भेदावरून किती कठोरपणे ठरवले होते, हे आपल्या आत्मकथनांनी पुरेसे सांगितले आहे. अशा समाजात तिघांना एकाच उंचीवर बसवणारे आसन ही, म्हटले तर, लहानशी क्रांतीच. पण असो, बाजाराकडे वळू.

आमच्या भागातल्या लोकांनी फर्निचरसाठी उल्हासनगरला जावे, ही जुनी रीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. तिथले भाग आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच याच नावांनी ओळखले जातात. घरदार मागे टाकून आलेल्यांच्या या गावात इतरांची घरे सजवणारा बाजार उभा राहावा, ही गोष्ट मला तिथे गेल्यावर दरवेळी जाणवते.

दुकानांत फिरताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की किंमत डोळ्यांना दिसणाऱ्या भागाची मोजली जाते. कापडाची चमक, पाठीवरच्या गुंड्या, हातांचे वळण आणि चामड्यासारखे दिसणारे आवरण, जे आपल्या दमट हवेत काही वर्षांत पापुद्रे सोडू लागते. सोफ्याचे आयुष्य मात्र कापडाच्या आत ठरते. चौकट सागाची आहे, आंब्याच्या लाकडाची, प्लायवुडची की भुसा दाबून केलेल्या फळ्यांची? ती फळी ओलाव्याने फुगते आणि एकदा फुगली की तिच्यात स्क्रू धरत नाही. सांधे खाच पाडून, सरस लावून बसवले आहेत की नुसत्या पिना मारल्या आहेत? बैठकीखाली पट्टे किती जवळ ताणले आहेत? फोमची घनता काय? विक्रेते 'बत्तीस', 'चाळीस' असे आकडे फेकतात. तो आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन. त्यावरून फोम किती वर्षे तग धरेल याचा अंदाज येतो; तो मऊ आहे की कडक, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ती बाब निराळी, आणि ती बसूनच कळते.

एक सोपी परीक्षा एका जाणत्या शेजाऱ्यांनी सांगितली होती. पुढचा एक पाय वीतभर उचलायचा. दुसरा पुढचा पायही लगेच जमिनीवरून सुटला तर चौकट मजबूत. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर चौकट पिळवटते आहे असे समजायचे. तीन दुकानांत ही परीक्षा करू दिली. चौथ्या दुकानात, सोफ्याच्या तळाला ठोकलेले काळे कापड एका कोपऱ्यात उचकटून आतले लाकूड दाखवाल का, असे विचारले, तेव्हा मालक हसून म्हणाले, "साहेब, सोफ्यावर बसायचे असते, त्याच्याखाली शिरायचे नसते." वाक्य चटपटीत होते. आम्ही बाहेर पडलो.

खरी अडचण आईला बसवून पाहिल्यावर समोर आली. बहुतेक नवे सोफे बुटके आणि खोल असतात. त्यात माणूस रेलतो, पसरतो, दूरचित्रवाणी पाहता पाहता पेंगतो. मजबूत गुडघ्यांना ते सुखाचे असते. आई अशा एका सोफ्यावर बसली ती जवळजवळ त्यात बुडालीच. पाय जमिनीवर नीट टेकेनात आणि उठताना तिला दोन्ही हातांनी ओढून काढावे लागले. तिला हसू आले, पण तिने पुढच्या सोफ्यावर बसायला नकार दिला. "तुम्ही तुमच्यासाठी घ्या, माझी खुर्ची बरी आहे," हे तिचे म्हणणे.

दर्जाची आमची व्याख्या तिथे पक्की झाली. डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षातल्या लाकडी बाकावरून आई विनासायास उठते, हे पाहिले होते. पुढच्या खेपेला टेप नेऊन तो बाक मोजला : जमिनीपासून 18 इंच उंच. तिच्या पाठीपासून गुडघ्याच्या मागल्या बाजूपर्यंतचे अंतर मोजून बैठकीची खोली 20 इंच ठरवली. दुकानांतले सोफे बसल्यावर 15 इंचांपर्यंत दबत होते आणि 24 इंच खोल होते. हाताला धरून उठता यावे म्हणून हात लाकडी, घट्ट आणि पुढपर्यंत आलेले हवेत. एवढी मापे हाती आल्यावर रंग, नक्षी, फॅशन हे सारे विषय आपोआप गळून पडले.

अखेर सोफा मिळाला तो जुन्या सामानाच्या एका गोदामात. सागाची तीन माणसांची चौकट, पॉलिश गेलेले, कापड फाटलेले, पण पाय उचलला की सगळी एकजीव उठणारी. किंमत 5,500 रुपये. घराजवळच्या कुशनकाम करणाऱ्या कारागिराने पट्टे नव्याने ताणले, 40 घनतेचा कडक फोम आणि जाड सुती कापड घातले, पायांखाली दोन इंचांचे ठोकळे बसवून उंची साधली. साहित्य आणि मजुरी मिळून 9,800. टेम्पो आणि तीन जिन्यांची हमाली 1,400. एकूण 16,700 रुपये. कारागिराने कापडाला शिलाई घालण्यापूर्वी मला बोलावून आतले सगळे दाखवले. आता ते कोणालाच दिसणार नव्हते, तरी त्याला ते दाखवावेसे वाटले.

सोफा दिसायला साधा आहे. शेजारी त्याला 'वेटिंग रूमचा' म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. आई त्यावर बसते आणि कोणाचा हात न धरता उठते. पण पहिले काही महिने झाले ते असे की पाहुणे आले की ती उठायची. उठणे आता सोपे झाले होते ना! पाहुणे सोफ्यावर, आई आतल्या दाराशी उभी. दिवाणखानी नाटकाची रंगसूचना आमच्या घरात जशीच्या तशी पाळली जात होती. साग, पट्टे, फोम यांपैकी कशानेही ती पुसता येण्यासारखी नव्हती. ती पुसायची तर दुसऱ्या कोणाला तरी उठावे लागणार होते.

हल्ली पाहुणे आले की मी आत जातो आणि चहा ठेवतो. बाहेरून आईचा आवाज येतो, आले कुठल्या डब्यात आहे ते सांगणारा, साखर बेताने घाल म्हणणारा. चहा तिच्या मनासारखा होत नाही, हे तिने सगळ्या पाहुण्यांना सांगितले आहे. सांगते मात्र ती बसून.