दगड उलटा करून बघा!

नदीतला दगड उचलून कधी उलटा करून पाहिलाय? मी पुण्यातल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, मुठेवरचे पूल रोज ओलांडते, आणि नदीतल्या दगडाखाली एवढं मोठं जग नांदत असतं हे मला यंदा कळलं! दुसऱ्या वर्षाच्या मुलांच्या पर्यावरण प्रकल्पाला सोबत म्हणून गेले होते. तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे.

खडकवासला धरणाच्या बऱ्याच वर, मुठा खोऱ्यातल्या खळाळत्या पाण्यात मुलं उतरली. एकाने बारीक जाळी प्रवाहाला आडवी धरली, दुसरीने तिच्या वरच्या अंगाला पायांनी दगड ढवळले आणि जाळीत आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं. आधी नुसता गाळ दिसला. मग तो गाळ चालायला लागला! मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिल्लं होती ती. मागे तीन शेपट्या, पोटाच्या दोन्ही अंगांना सतत फडफडणारे कल्ले. कित्येक महिने पाण्यात काढायचे आणि पंख फुटल्यावर काही तास, फार तर एक-दोन दिवस जगायचं. प्रौढ मेफ्लायला खाता येईल असं तोंडच नसतं. आणि त्या कॅडिसफ्लायच्या अळ्या! वाळूचा कण न् कण स्वतःच्या रेशमाने जोडून अंगाभोवती नळीसारखं घर बांधलेलं. भिंगासाठी मुलांची नुसती ओढाताण चालली होती.

पण खरं नवल पुढेच आहे. या कीटकांना भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं, घाण सोसत नाही. बाटलीत भरलेलं पाणी फक्त त्या घटकेचं सांगतं. रात्री कुणी काही सोडलं आणि सकाळपर्यंत ते वाहून गेलं, तर बाटलीला त्याचा पत्ताही नसतो. मेफ्लायचं पिल्लू मात्र तिथेच राहत असतं. ते आज भेटलं, म्हणजे गेले कित्येक आठवडे इथलं पाणी जगण्याजोगं होतं. नदीची एवढी जुनी हकिगत एका दगडाखाली, आणि ती वाचायला लागतं काय, तर जाळी, ट्रे आणि भिंग! मोजून झाल्यावर मुलांनी सगळ्यांना परत पाण्यात सोडलं.

मग आम्ही खाली शहरात, भिडे पुलाजवळ आलो. इथे मेफ्लाय नाहीच. ट्रेमध्ये वळवळत होत्या कायरोनोमस या डासासारख्या कीटकाच्या लालभडक अळ्या. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू जेमतेम असलेल्या गाळातही त्या तग धरतात. पाण्यातला प्राणवायू तपासायला मुलांनी 1888 सालची विंकलर पद्धत वापरली. काचेच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरायचं, त्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. धरणाच्या वरच्या पाण्यात दाट तपकिरी साका बसला होता. इथे जवळजवळ पांढरा! वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आले की उत्पादनाचे आणि उपभोगाचे काही दुष्परिणाम कुणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत. ते बाटलीच्या तळाशी बसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

तिथेच बी.कॉम.च्या एका मुलाने विचारलं, “मॅडम, धरणाचं पाणी तर कालव्यांत आणि आपल्या नळांना जातं. मग हे वाहतंय ते काय?” बहुतांशी आपलंच सांडपाणी, नाल्यांतून आलेलं. हा प्रश्न कुठल्याही प्रश्नपत्रिकेत नव्हता! सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय पदवीच्या सगळ्या शाखांना सक्तीचा झाला, त्याला वीस वर्षं उलटून गेली. माझं तर ठाम मत झालंय, की त्याचा निम्मा अभ्यासक्रम पाण्यात उभं राहूनच शिकवावा. ज्याने ते घर बांधणारं पोर तळहातावर घेतलंय, त्याला ‘नदी वाचवा’ची घोषणा शिकवावी लागत नाही. कोणता नाला कुठे मिळतो, हे तो स्वतःच शोधायला निघतो.

मुलं निघालीही आहेत. खडकवासला ते भिडे पूल यांमध्ये मेफ्लाय नेमकी कुठे दिसेनाशी होते, ते त्यांना नकाशावर मांडायचंय. शिवणे, विठ्ठलवाडी, राजाराम पूल, म्हात्रे पूल अशी ठिकाणं गटागटांत वाटून झाली. प्रत्येक ठिकाणी दर महिन्याला जाळी लागणार, आणि तो नकाशा घेऊन मुलं महापालिकेत जाणार. विठ्ठलवाडीचा गट मी मागून घेतलाय!