मांडे : बेळगावचे, खानदेशचे आणि बुऱ्हाणपूरच्या रस्त्यावरचे

थायलंडला जाऊन आलेली मंडळी हल्ली तिथल्या देवळांपेक्षा तिथल्या हातगाड्यांविषयी अधिक भरभरून बोलतात. त्या गाड्यांवर 'रोटी' याच नावाने एक पदार्थ मिळतो. मऊ पिठाचा गोळा हवेत फिरवून कागदासारखा पातळ करतात, तव्यावर टाकून आत केळ्याचे काप घालतात आणि वरून गोड आटवलेले दूध सोडतात. आपल्याकडून समुद्रापार गेलेल्या मुसलमान कारागिरांनी ही रोटी तिकडे नेली आणि ती तिथलीच होऊन गेली. तिच्याशी नाते सांगणारी हातचलाखी पाहायची तर विमानाचे तिकीट काढायला नको. भुसावळच्या पुढे रेल्वेने तासाभरावर, केळीच्याच मुलखात, बुऱ्हाणपूर नावाचे गाव आहे.

गेल्या उन्हाळी सुट्टीत आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. तापीकाठचे हे शहर फारुकी सुलतानांनी सुमारे १४०० मध्ये वसवले आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. पुढे ते मोगलांचे दक्षिणेचे मुख्य ठाणे झाले. मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच वारली आणि ताजमहाल बांधून होण्याआधी काही महिने नदीपलीकडच्या आहुखान्यात तिचे दफन होते. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. जमिनीखालून पाणी आणणारा 'कुंडी भंडारा' सतराव्या शतकाच्या आरंभीचा. हे सारे पाहावेच. पण या लेखाचा विषय पोटाचा आहे.

आमचा मुक्काम शहराबाहेरच्या बहादरपूरला, एका सहकाऱ्याच्या नातेवाइकांकडे होता. मराठ्यांच्या इतिहासात हे नाव येते. १६८१ च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरवर धाड घातली, तेव्हा सराफ-व्यापाऱ्यांचा 'बहादूरपुरा' आधी लुटला गेला. आज तिथे शांत वस्ती आहे. यजमानांचे घर पाहून मला आपल्याच भागातल्या घरांची आठवण होत होती. आजी नातवाशी मराठीत बोलायच्या, नातू हिंदीत उत्तर द्यायचा आणि दोघांचेही काही अडत नव्हते. आपल्याकडे हिंदीच्या जागी कन्नड असते, एवढाच फरक. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा भाग मध्य प्रदेशात राहिला. पण पलीकडचे रावेर महाराष्ट्रात असून तिथे सोयरिकी आहेत, बाजार आहे. आजींच्या मराठीतले नातवाकडे नेमके काय उरले आहे, हे मी दोन दिवस ऐकत होतो. उरले होते ते बहुतेक स्वयंपाकघरातले शब्द.

सकाळ पोहे-जिलबीने होते. पोह्यांवर बारीक शेव आणि कांदा घालून कागदात देतात. पण ही साधी जिलबी म्हणजे बुऱ्हाणपूरची खासियत नव्हे. खासियत आहे ती मावा जिलबी. खव्याच्या पिठाची, बोटाएवढी जाड आणि तळून जवळजवळ काळपट झालेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती करपली आहे असेच वाटते. पाकातून काढून गरम खाल्ली की आत गुलाबजामासारखी मऊ लागते. मुंबईत रमजानच्या दिवसांत हिच्यासाठी रांगा लागतात, त्या 'बुऱ्हाणपुरी' याच नावाने. दुसरा गोड पदार्थ दराबा. रवा, तूप आणि पिठीसाखर यांचे मिश्रण फेटून फेटून इतके हलके करतात की जिभेवर ठेवताच विरघळते. जळगावकडच्या मराठी घरांतही दराबा होतो, म्हणून आजींना तो 'आमचाच' वाटतो आणि बाजारातल्या हलवायालाही तो आपलाच वाटतो.

संध्याकाळी आम्ही मांडे पाहायला गेलो. शहरातल्या एका गल्लीत लाकडाची धगधगती चूल आणि तिच्यावर उपडी घातलेली भली मोठी लोखंडी कढई. बाजूला ओल्या फडक्याखाली पिठाचे गोळे. कारागीर पन्नाशीचे असतील. त्यांनी गोळा दोन्ही तळव्यांवर घेतला, या हातावरून त्या हातावर झेलला, मग मनगटावर, मग पार कोपरापर्यंत. आठ-दहा झेपांत तो रुमालापेक्षा मोठा आणि आरपार दिसेल इतका पातळ झाला. एका झटक्यात तो कढईच्या पाठीवर पसरला, क्षणभरात फुगे आले, उलटला आणि घडी घालून टोपलीत पडला. लाटण्याचे नाव नाही.

माझी पत्नी माहेरची धारवाडची. तिच्या तोंडून एकदम निघाले, "अय्य, इदु मंडिगे अल्लेनु?" कारागिरांना शब्द कळला नाही, पण आश्चर्य कळले असावे. "ताई, तुमच्याकडे करतात का?" त्यांनी हिंदी वळणाच्या मराठीत विचारले. "करतात, पण आत साखर भरून," ती म्हणाली. "मग ते लवकर फाटत असेल," ते म्हणाले. हात एकदाही थांबला नाही. शिकायला किती दिवस लागतात, असे तिने विचारल्यावर ते हसले. "दिवस नाही ताई, पीठ लागतं. खूप पीठ वाया जातं."

बुऱ्हाणपूरचा मांडा बिनगोडाचा. तो रश्श्याबरोबर खातात, लग्नाच्या पंगतीत टोपल्याच्या टोपल्या उठतात. मोगल फौजेला झटपट जेवू घालण्यासाठी तो निघाला, असे तिथे सांगतात. आम्ही आणलेले मांडे आजींनी आमरसाबरोबर वाढले. त्यांच्या तरुणपणी आखाजीला घरीच खापरावर पुरणाचे मांडे होत. आता हातात ताकद नाही आणि सुनांना वेळ नाही, म्हणून गल्लीतला साधा मांडा आणि घरचा रस असा त्यांनी मेळ घातला आहे.

हा पदार्थ नेमका कुणाचा? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात 'मंडक' येतो. ती कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईंनी मांडे भाजल्याची कथा मराठी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्या मुक्ताबाईंचे समाधिस्थान मुक्ताईनगर तालुक्यात, बुऱ्हाणपूरपासून फार लांब नाही. आपल्या बेळगावचे मांडे पिठीसाखर-खसखस भरलेले, कुरकुरीत घडीचे, रुखवतात मिरवणारे. कन्नड घरांत लग्नाच्या पानात मंडिगे असते. मराठीत आपण 'मनातल्या मनात मांडे खातो', तर कन्नडमध्येही 'मनस्सिनल्लि मंडिगे' खातात. दोन्ही भाषांनी वाक्प्रचारसुद्धा वाटून घेतला आहे. आणि बुऱ्हाणपुरात तेच नाव उर्दू बोलणाऱ्या कारागिराच्या चुलीवर रोज ताजे होते.

फरक आहे तो पुढचाच. आपल्या घरांत मांडे आता लग्नापुरते आणि तेही विकत आणलेले. करणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या. घरी आल्यावर पत्नीने आईला फोन करून मंडिगेचे प्रमाण विचारले. सासूबाईंनी मैदा, रवा, तूप सगळे सांगितले, पण "पीठ किती वेळ मळायचं?" याला त्यांचे उत्तर होते, "कैगे गोत्तागतद", म्हणजे हाताला कळते. हाताला कळायचे तर हात त्या पिठात जायला हवा. नाहीतर आपल्या मुलांकडे दोन भाषांतले दोन वाक्प्रचार राहतील आणि मांडे खरोखरच मनातले होतील.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. गोवा एक्स्प्रेस बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड या मार्गाने भुसावळला जाते. तिथून खांडव्याकडच्या गाडीने किंवा रावेरमार्गे रस्त्याने बुऱ्हाणपूर गाठता येते. उन्हाळा कडक असतो, तेव्हा दिवाळीनंतरचे दिवस बरे. मावा जिलबी गरमच खावी. दराबा डब्यात भरून घरी आणता येतो. मांडे संध्याकाळी चुलीपाशी उभे राहून पाहावेत. शाकाहारी मंडळींनी नुसते मांडे घ्यावेत आणि डाळ वेगळी मागवावी. मुले बरोबर असतील तर त्यांना पुढे उभे करावे आणि कारागिराला विनंती करून एखादा गोळा त्यांच्या हातावर टाकायला सांगावा. फाटला तर फाटू द्यावा. पिठाचे पैसे आपण देऊ.